मुंगीला टाका लागत नाही

त्या वर्षी आमच्या घरात बोलणं पुष्कळ होतं, पण अण्णांच्या वाट्याला त्यातला एकच शब्द आला होता, ‘बरं’. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली, आणि दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा बाकीची सगळी भाषा तिकडेच राहून हा एवढा एक शब्द बरोबर आला. भूक लागली की बरं, पोट भरलं की बरं, उशी वर सरकव म्हणायचं असलं तरी बरं. आमचं घर हमरस्त्यावरच्या द्वारका चौकामागे, त्यामुळे दिवसभर ट्रकांचे आणि एसट्यांचे हॉर्न. त्या गलक्यात आई पंखा बंद करून, मान तिरकी करून अण्णांच्या ‘बरं’कडे कान लावायची. सूर ओढला की हवं, चढवला की नको, दोनदा तुटक आला की चिडलेत, एवढं आम्हाला उमगत गेलं. पण काय हवं आणि काय नको, ते त्यात कुठून कळणार? डोकं मात्र शाबूत होतं. डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं, आणि नसतं सांगितलं तरी डोळ्यांत दिसत होतं. आमच्या तोंडाकडे ते ज्या आशेनं बघायचे आणि मग आमचा अंदाज चुकला की ज्या रीतीनं नजर भिंतीकडे वळवायचे, ते मला बघवत नसे.

झटका येण्याआधी अण्णांचं दुकान होतं, घरापासून हाकेच्या अंतरावर. ते मार्के कापायचे. आता हे समजावून सांगावं लागतं. चांदवड, देवळा, त्या सगळ्या बाजूचे कांदा व्यापारी आपल्या गोण्यांवर शाईनं एक चित्र छापत. कुणाची किल्ली, कुणाचा पोपट, कुणाचं विमान. गोणी इथून निघाली की पार कोलकात्याला नाहीतर गुवाहाटीला जायची, तिथल्या हमालाला आपली अक्षरं वाचता येत नाहीत, पण पोपट सगळीकडे पोपटच. त्या चित्राचा कापलेला पत्रा गोणीवर धरायचा, वरून शाईचा ब्रश मारायचा, की मार्का उमटला. अण्णांच्या दुकानात पत्र्याचा कीस, शाई आणि तागाचा असा मिळून एक वास असायचा, तो त्यांच्या शर्टाला कायम लागलेला असे. पत्रा कापण्यात एक गोम होती. किल्लीच्या डोक्याला भोक असतं ना, त्याची गोल कड पूर्ण कापलीत की मधला तुकडा गळून पडतो आणि गोणीवर किल्लीऐवजी नुसताच मोठा भसका दिसतो. म्हणून कापताना रेघ मध्येच तोडायची, दोन-तीन ठिकाणी बारीक पट्टी तशीच ठेवायची. त्या पट्टीला अण्णा टाका म्हणत. मी शाळा सुटली की दुकानातच असायची, कधी शाईत हात घाल, कधी सुतळीच्या बंडलावर चढ, एका जागी म्हणून नाही, त्यामुळे अण्णांनी माझं नाव मुंगी ठेवलं होतं. मी हातानं कापलेला पहिला पत्रासुद्धा मुंगीचा. ‘‘मुंगे, मुंगीला टाका लागत नाय,’’ ते म्हणाले होते, ‘‘तिच्यात पोकळ काय नसतं, मग पडंल काय?’’ तो मार्का पुढे माझ्या डब्यावर उमटला, दप्तरावर उमटला, आणि सायकलच्या चेनकव्हरवरही. शाळेत पोरींनी चिडवून चिडवून मला जेरीला आणलं होतं.

अण्णांना दुकानात व्यापाऱ्यांची नावं घ्यायची सवयच नव्हती. ‘‘आज किल्ली येऊन गेली,’’ ‘‘पोपटाचा माल उद्या भरायचा हाय,’’ असं हमालांशी चाललेलं असायचं. आईला हे अजिबात खपत नसे. चारचौघांत शोभतील अशा माणसांना पोपट काय म्हणायचं? म्हणून उंबरा ओलांडला की अण्णा सगळ्यांना रीतसर नावानं बोलवत, ‘निकमभाऊ’, ‘सोनवणेशेठ’. घरातली भाषा निराळी आणि दुकानातली निराळी. हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय, कारण पुढे आमची सगळी फजिती इथेच झाली.

अण्णांना बोलायला शिकवायला एक ताई यायच्या. त्यांनी सुचवलं की चित्रं दाखवून बघू. मी तेव्हा कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला होते, त्यामुळे ते काम माझ्याकडे आलं. फुकट मिळणारं एक अ‍ॅप मी जुन्या टॅबवर टाकलं. पडद्यावर चौकोनांत चित्रं, चित्रावर बोट ठेवलं की आतली बाई इंग्रजीत त्याचं नाव उच्चारते. अण्णांनी डाव्या हाताचं बोट फिरवत फिरवत सगळी पानं बघितली. तासभर कुणाशी बरं नाही की काही नाही. माझ्या मनात आलं, बघा, मार्क्यांचा माणूस, कसा घरी आल्यासारखा रमला. मग त्यांनी एका चित्रावर बोट टेकवलं आणि बाई म्हणाली, ‘‘पिझ्झा.’’

आई कपाळाला हात लावून म्हणाली, ‘‘पिझ्झा? जन्मात कधी तोंडात घातलाय का त्यांनी?’’ पण पुन्हा पुन्हा तेच. शेवटी मी सायकल काढून कॉलेज रोडवरून पिझ्झा घेऊन आले. आईनं त्याचा मऊ मऊ भाग काढून, कुस्करून, चमच्यानं भरवला. अण्णांनी तो घास तोंडात फिरवला, आमच्या दोघींकडे आळीपाळीनं बघितलं आणि असं काही ‘बरं’ म्हणाले, की उरलेला पिझ्झा मी बाहेर नेऊन खाल्ला. त्यांना काय हवं होतं ते आईच्याच ध्यानात आलं, पण दोन दिवसांनी, तव्यासमोर उभी असताना. त्या पूर्ण अ‍ॅपात गोल, चपटी आणि खायची अशी वस्तू तेवढी एकच होती. पाव होता, टोस्ट होता, शिंगासारखा वळलेला कसला तरी पाव होता. भाकरी नव्हती. इतके दिवस आम्ही त्यांना मुगाची पातळ खिचडी भरवत होतो, आणि हा माणूस भाकरी मागत होता.

भाकरीचं कोडं सुटलं, पण आणखी दोन होती, आणि ती अवघड होती. अण्णा रोज एकदा तरी छत्रीवर बोट ठेवायचे. ‘‘अम्ब्रेला,’’ बाई म्हणायची. आम्ही म्हटलं, बाहेर जायचं असेल. उन्हाळा होता. खुर्चीत बसवून गॅलरीत नेलं, तर तुटक बरं-बरं. ऊन लागतंय? पडदे ओढले. एकदा तर मी खरोखरची छत्री आणून कॉटवर उघडून धरली. त्यांनी डाव्या हातानं ती उडवून लावली आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बापाला रडताना मी तोवर बघितलं नव्हतं. मी छत्री घेऊन तशीच उभी राहिले, मला ती मिटायचंही सुचेना.

दुसरं कोडं म्हणजे किडा. गोल पाठीचा, सहा पायांचा, दोन मिशांचा. हे चित्र कॉम्प्युटरवाले प्रोग्रॅममधल्या चुकीसाठी वापरतात, ते अण्णांच्या अ‍ॅपात कशाला घुसलं होतं देव जाणे. त्याच्यावर बोट पडलं की बाई म्हणायची, ‘‘बग.’’ आई चांदवडकडची, तिच्या कानाला ते सरळ मराठीच वाटायचं. ‘‘बगते ना! काय बगू?’’ म्हणत ती हातातलं काम टाकून यायची. मग चित्र बघून तिनं ठरवलं की ढेकूण झालेत. अण्णांना एका कुशीवर करायचं, गादी झटकायची, कॉटच्या सांध्यांत गरम पाणी ओतायचं. दुर्दैव असं की एकदा खरंच एक ढेकूण सापडला. झालं, तिची खात्रीच पटली. त्यानंतर दिवसातून दोन-तीनदा ‘‘बग’’ व्हायचं आणि दोन-तीनदा गादी निघायची. अण्णा कुशीवर पडल्या पडल्या माझ्याकडे बघत राहायचे.

भाकरीचं चित्र कुठे मिळतं का म्हणून मी शोधायला लागले, आणि त्या शोधानं माझ्या आयुष्याला वळण दिलं असं आता म्हणायला हरकत नाही. अ‍ॅपात चित्रं भरणारा माणूस वेगळाच होता. खरं तर माणूस नव्हताच, जगभरच्या पुष्कळ माणसांनी मिळून केलेला तो एक फाँट होता. आपण ‘क’ दाबला की पडद्यावर क उमटतो, तसं या फाँटमध्ये अक्षरांच्या जागी चित्रं होती, घर, पेला, घंटा, छत्री. कुणीही फुकट वापरावा, आणि ज्याला कमी वाटेल त्यानं चित्र काढून पाठवावं. बघून, तपासून, पसंत पडलं तर ते आत घेत. मला हे इतकं नवल वाटलं की मी आईला ओरडून सांगितलं. ती म्हणाली, ‘‘म्हंजे तुझ्या बापाचंच दुकान की. फक्त पैसे नाय घेत.’’

नियम कडक होते. चोवीस घरं रुंद, चोवीस घरं उंच अशी चौकट, त्यातच सगळं बसवायचं. रेघेची जाडी सगळीकडे दोन घरं. नखाएवढं लहान केलं तरी ओळखू आलं पाहिजे. मी मोठ्या उत्साहानं भाकरी काढून पाठवली. तिकडे चित्रं तपासायला मार्ता नावाची एक बाई होती. मला तिचा देशही नीट उच्चारता यायचा नाही. तिनं लिहिलं, ‘वर्तुळ आमच्याकडे आहे. शिवाय चंद्र, नाणं आणि ताट आहे. हे त्यांच्यापेक्षा वेगळं कसं ओळखायचं?’ आणि खाली दुसरा प्रश्न, ‘तुमची रेघ तीन ठिकाणी तुटली आहे. फाइल बिघडली का?’

फाइल बिघडली नव्हती. मी टाके ठेवले होते. मला कळलंसुद्धा नव्हतं. गोल काढायचा म्हटल्यावर माझा हात आपोआपच तीन जागी थांबला होता, नाहीतर मधलं पडेल ना! मी तिला तसं कळवलं, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, पत्रा, शाई, कांद्याची गोणी, सगळं. मार्ताला गंमत वाटली. तिनं चार प्रश्न विचारले, पत्रा कसला, ब्रश कसला, प्रत्येक व्यापाऱ्याचा मार्का वेगळा असतो का. आणि शेवटी लिहिलं, ‘पण इथे खाली पडायला जागाच नाही. तुम्ही गोल पूर्ण करू शकता.’ मी टॅब मांडीवर घेऊन ते वाक्य कितीदा वाचलं. पूर्ण गोल काढता येतो, आणि मधलं जागच्या जागी राहतं. लहानपणापासून ज्या गोष्टीची धास्ती हाताला लागली होती, ती इथे नव्हतीच. मी एकेक टाका बुजवला तेव्हा मला उगाच चोरी केल्यासारखं वाटत होतं.

आता राहिला प्रश्न भाकरीचा. भाकरी भाकरी आहे हे कशावरून ओळखायचं? मी दुपारी स्वयंपाकघरात ओट्यापाशी स्टूल घेऊन बसले आणि आई भाकरी थापत असताना बघत राहिले. मी जन्मभर खाल्लेली वस्तू, पण तिच्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. हाताचे ठसे काढले, तर ते फोडांसारखे दिसायला लागले. खाली तवा काढला, तर मार्ता म्हणाली टोपी वाटते. ‘‘काय गं एवढं बगते?’’ आई म्हणाली. मी अडचण सांगितली. तिनं पीठ लागलेल्या हातानं केस मागे सारले आणि तव्यावरची भाकरी विस्तवावर उलटवली. भाकरी टम्म फुगली, कडेला एके ठिकाणी फुटली आणि तिथून वाफ निघाली. ‘‘हे घे,’’ ती म्हणाली, ‘‘पापुद्रा सुटला म्हंजे भाकर झाली. तोवर पीठच असतं.’’ मी गोलाच्या आत एक उचललेली पापुद्र्याची कड काढली, कडेला फट, फटीतून वाफेची एक वळलेली रेघ. मार्तानं एवढंच विचारलं, ‘ज्यांच्यासाठी काढलंत, त्यांना ओळखू आलं का?’

म्हणून मी झेरॉक्सच्या दुकानात जाऊन एका कागदावर भाकरी, तांब्या आणि पाट अशी माझी नवी चित्रं छापून आणली. रेघांची जाडी जुळते का बघायला शेजारी फाँटमधली जुनी चित्रंही घेतली होती, किल्ली, घंटा, छत्री, अशी हाताला लागली तशी. अण्णांच्या पोटावर पाट ठेवून त्यावर कागद पसरला. अण्णांनी भाकरीवर बोट ठेवलं. आधी अलगद, मग दाबून. आणि ‘बरं’ असं लांब ओढलं, की आई तिथूनच आत वळली. डॉक्टरांना विचारून ठेवलंच होतं. गरम भाकरी दुधात कुस्करून तिनं वाटी आणली आणि अण्णांनी ती वाटी संपेपर्यंत मान वर केली नाही. आई पदरानं त्यांची हनुवटी पुसत होती आणि मधूनच स्वतःचे डोळेही त्याच पदरानं पुसत होती.

खाणं झालं आणि अण्णांनी डावा हात माझ्या कानाकडे आणला. मी कानाला पेन्सिल लावायची, ही दुकानातलीच सवय. मी ती त्यांच्या हातात दिली. डावा हात, त्याला कधी असल्या कामाची सवय नाही. पेन्सिल कागदावर आडवीतिडवी फिरली आणि छत्रीवर आली. छत्रीच्या कमानीवर त्यांनी एक आडवी रेघ मारली. थोडं थांबून कमानीच्या दुसऱ्या बाजूला दुसरी. मग दांड्यावर एक, छोटी. मला वाटलं खोडताहेत. आई म्हणालीसुद्धा, ‘‘नको म्हणतात बग छत्री.’’ पण खोडणारा माणूस एवढं जपून खोडत नाही. मी कागद वळवून माझ्याकडे घेतला. कमानीवर दोन, दांड्यावर एक. रेघ तिथे तोडायची होती. ते टाके होते. आणि टाके असलेली ती छत्री मी शंभर वेळा शाईत भिजलेली बघितली होती, दुकानाच्या मागच्या खिळ्यावर टांगलेली.

‘‘अण्णा, छत्री मार्का?’’

त्यांनी पेन्सिल सोडून दिली. ‘बरं’ आलं ते कुठल्याच ओळखीच्या सुरात नव्हतं, ते आधी हसले आणि मग ते आलं. छत्री म्हणजे देवळ्याचे निकमकाका. अण्णांचे जुने गिऱ्हाईक, आणि गिऱ्हाईक कसले, आठवड्यातून एकदा दुकानात येऊन सुतळीच्या बंडलावर बसून चहा पीत तास-तास गप्पा मारणारा मित्र. झटका आला तेव्हा एकदा दवाखान्यात येऊन गेले होते. नंतर आईला फोनवर म्हणाले होते की त्याला बोलता येत नाय, मी समोर बसलो तर त्याच्या जिवाला लागंल, म्हणून येत नाय. अण्णा रोज त्यांना बोलवत होते, आणि आम्ही रोज पडदे ओढत होतो. मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. आईनं तेवढ्यात फोन लावला होता. ‘‘निकमभाऊ, तुम्हाला बोलवतात हो,’’ ती सांगत होती, ‘‘छत्री, छत्री म्हणतात रोज.’’ माणसाला मार्क्याच्या नावानं बोलवायची तिची ही पहिलीच वेळ असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळीच काका आले. दारात चपला काढल्या न काढल्या, ‘‘कसा शेस रे भाऊ?’’ म्हणत सरळ कॉटवर येऊन बसले. पुढचा तासभर ते एकटेच बोलत होते. कांद्याचा भाव, पोराचं लग्न, कांदा साठवायच्या चाळीत पाणी शिरलं, सगळं. अण्णा मध्ये मध्ये बरं घालत होते, अगदी जिथल्या तिथे. पडद्याआडून ऐकणाऱ्याला वाटलं असतं दोन माणसं गप्पा मारताहेत. मी आत चहा गाळत होते. तेवढ्यात बाहेरून टॅबमधल्या बाईचा आवाज आला, ‘‘बग.’’

‘‘अगं बाई, आता पाव्हण्यांसमोर,’’ आई पुटपुटली. ‘‘भाऊ, तुम्ही जरा खुर्चीत बसता का? गादी झटकायची हाय. ढेकूण झालेत.’’

‘‘कशाचं ढेकूण?’’ काका म्हणाले.

‘‘रोज दाखवतात ना. हे बगा.’’

काकांनी टॅब हातात घेतला असावा, चष्म्याची डबी उघडल्याचा खटका आला. मग त्यांचा तो कांद्याच्या खळ्यावर कमावलेला आवाज घरभर घुमला. ‘‘वहिनी, गादीत काय शोधता! छत्री म्हंजे मी, तर ही कोण? लेकीला हाक मारतोय तो. ए मुंगे! ये इकडं, बाप बोलावतोय तुला!’’

त्या नावानं मला कित्येक महिन्यांत कुणी हाक मारली नव्हती. घरात ते नाव अण्णा सोडून कुणीच घेत नसे, आणि दुकान तर बंदच होतं. माझ्या हातातली गाळणी तशीच पातेल्यात पडली. मी बाहेर आले. अण्णांचं बोट अजून त्या किड्यावरच होतं. मुंगीसारखा तो कुठूनही दिसत नव्हता, पण त्या सबंध अ‍ॅपात सहा पायांचं आणि दोन मिशांचं तेवढंच होतं. जशी पिझ्झाची भाकरी केली होती, तशी त्यांनी त्या किड्याची मुंगी केली होती. गादी झटकताना कुशीवर पडून ते माझ्याकडे का बघायचे, ते आत्ता कळलं. ‘‘आले, अण्णा,’’ मी म्हणाले, दुकानात म्हणायची तसं. त्यांना काहीच नको होतं. पाणी नको, उशी नको. मी कॉटच्या कडेला बसले, त्यांनी माझा हात धरला आणि पुन्हा काकांकडे बघून त्यांचं कांद्याचं बोलणं ऐकायला लागले. आई माझ्या हातून सांडलेला चहा पुसायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

मी मुंगी काढली ती त्याच दुपारी. तीन भरीव गोळे एकमेकांना चिकटून, सहा पाय, दोन मिशा. अण्णांनी शिकवलेलीच, फक्त चोवीस घरांत बसवलेली. मार्तानं लिहिलं, ‘किडा आमच्याकडे आहे. ही लहान केल्यावर तशीच दिसेल. वेगळी कशाला हवी?’ प्रश्न रास्त होता, भाकरीच्या वेळीही तो रास्तच होता. मी पुष्कळ लिहून खोडलं. शेवटी एवढंच पाठवलं, ‘किडा म्हणजे तुमच्याकडे बिघाड. आमच्या घरात ही मुलगी आहे. तिच्या वडिलांना तिला हाक मारायची आहे.’ दोन दिवस उत्तर नाही. परीक्षेच्या निकालालाही मी एवढी घाबरले नव्हते. मग उत्तर आलं. मार्तानं मुंगीचे मागचे पाय अर्धं घर लांब करायला सांगितले होते, म्हणजे लहान आकारात ती किड्याहून वेगळी दिसेल. आणि खाली, ‘शोधताना कोणते शब्द लावू?’ मी इंग्रजी शब्द दिला आणि त्याच्यापुढे इंग्रजी अक्षरांत ‘मुंगी’. तो अजून तिथे आहे.

अ‍ॅपात चित्राला आपला आवाज भरता यायचा. मुंगी तिथे आली, पण तिच्यासाठी आवाज कुणाचा घ्यायचा? आई ते नाव कधी घेतच नसे. मी स्वतःचं नाव स्वतः कसं पुकारणार? शेवटी निकमकाकांचा घेतला. अण्णांनी बोट टेकवलं की द्वारकेच्या हॉर्नांवर मात करत घरात ‘‘ए मुंगे!’’ घुमायचं आणि मी असेन तिथून म्हणायची, ‘‘आले!’’ शेजारच्यांनी तक्रार केली होती. अण्णांना पुढे थोडे शब्द परत आले, ‘चहा’ आला, ‘अगं’ आला, एकदा तर चक्क शिवी आली आणि आईनं आनंदानं शेजारीपाजारी पेढे वाटले. माझं नाव मात्र शेवटपर्यंत त्यांच्या तोंडून आलं नाही. ते बोटानंच यायचं.

आता अण्णांना जाऊन खूप वर्षं झाली. त्या फाँटमध्ये माझी पुष्कळ चित्रं आहेत, त्याच कामावर माझं पोट चाललं. ती कोण कुठे वापरतं याचा पत्ता मला लागत नाही, लागायची गरजही नाही. भाकरी मी परदेशातल्या एका खानावळीच्या पाटीवर बघितली, तिच्याखाली भलतंच काहीतरी लिहिलं होतं. परवा द्वारकेच्या सिग्नलला रस्ता ओलांडायला उभी होते. गुडघे कुरकुरत होते, गर्दी हटत नव्हती. समोर एक टेम्पो येऊन थांबला, घरातले किडे मारणाऱ्यांचा. त्याच्या पाठीवर लिहिलं होतं, झुरळं, ढेकूण, वाळवी, आणि मधोमध माझी मुंगी, मागचे पाय अर्धं घर लांब, तिच्यावर मोठी लाल फुली. ट्रकांचे हॉर्न चालू होते. सिग्नल सुटला, टेम्पो हलला, आणि शेजारच्या बाईनं माझ्याकडे चमकून बघितलं, तेव्हा मला कळलं की मी मोठ्यानं म्हणाले होते, ‘‘आले, अण्णा.’’